नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर मेकअप आणि त्वचेची निगा

राइनोप्लास्टीत, म्हणजे नाकाचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रियेत, नाकावरची त्वचा आतल्या हाडापासून आणि कूर्चेपासून सुटी केली जाते, आतला सांगाडा दुरुस्त केला जातो आणि तीच त्वचा पुन्हा त्यावर बसवली जाते. हाड कापून सरळ केलेले असेल तर ते जुळून यायला साधारण सहा आठवडे लागतात. त्वचा खालच्या सांगाड्याला नीट चिकटून सूज पूर्ण उतरायला मात्र कित्येक महिने जातात, आणि नाकाच्या शेंड्यापाशी तर वर्षही लागू शकते. आपल्याकडे अनेकांची नाकावरची त्वचा जाड आणि तेलकट असते. अशा त्वचेखालची सूज आणखी सावकाश उतरते. त्वचा पुन्हा चिकटायला वेळ लागतो, आणि मेकअपचे व त्वचेच्या निगेचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. कोणते क्रीम लावले याला महत्त्व आहेच, पण ते लावताना बोट किती जोरात दाबले आणि पुसताना त्वचा किती ओढली गेली, याला त्याहून जास्त महत्त्व आहे.

‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे म्हणून जी शस्त्रक्रिया होते, ती बहुतेक वेळा वाकडा पडदा सरळ करण्याची, म्हणजे सेप्टोप्लास्टीची असते. तीत बाहेरची त्वचा उचलली जात नाही, डोळ्यांखाली काळेनिळे डागही सहसा येत नाहीत, त्यामुळे मेकअपवरची बंधने बरीच सैल असतात. नाक न शिंकरणे, खाली न वाकणे आणि वाफ न घेणे ही पथ्ये मात्र तिथेही पाळावी लागतात. माझी शस्त्रक्रिया दोन्ही मिळून होती. खाली लिहिलेले त्या वेळी डॉक्टरांनी हाती दिलेल्या सूचनांवर आणि मी स्वतः केलेल्या एकदोन चुकांवर आधारलेले आहे. तुमच्या शल्यविशारदांनी वेगळी मुदत दिली असेल तर तीच खरी मानावी, कारण तुमच्या नाकात नेमके काय कापले आणि काय जोडले हे त्यांनाच ठाऊक असते.

शस्त्रक्रियेआधीची तयारी

शस्त्रक्रियेच्या दिवशी चेहरा पूर्ण स्वच्छ असावा. मेकअप, काजळ आणि नेलपॉलिश काढून जावे, कारण नेलपॉलिशमुळे बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातील प्राणवायूचे मोजमाप चुकू शकते. चमकी किंवा मोरणी घरीच काढून ठेवावी. रात्री लावायचे रेटिनॉलचे क्रीम, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाची द्रव्ये आणि मुरुमांसाठी घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या यांविषयी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. विशेषतः त्या गोळ्यांनी त्वचा आणि नाकातील अस्तर कोरडे पडते, म्हणून अनेक डॉक्टर त्या थांबवून काही काळ गेल्याशिवाय शस्त्रक्रिया करत नाहीत. ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या आणि ई जीवनसत्त्व यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तेही लपवू नये आणि चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

घरी आणून ठेवायच्या वस्तू फार नाहीत. बिनसुगंधी सौम्य फेसवॉश, मायसेलर वॉटर (मेकअप उतरवण्याचे सौम्य द्रावण), मऊ कापसाच्या चकत्या, ओठांना लावायला साधे पेट्रोलियम जेली आणि समोरून बटणे असलेले दोन गाऊन एवढे पुरे. ओठांचा उल्लेख मुद्दाम करते आहे. नाक बंद असल्यामुळे पहिले काही दिवस तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि ओठ इतके कोरडे पडतात की रात्री दोनदा उठून जेली लावावी लागते. समोरून उघडणाऱ्या गाऊनचे कारण डोक्यावरून कुर्ता काढताना लक्षात येते. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

पहिला आठवडा

साधारण पाच ते आठ दिवस नाकावर स्प्लिंट, म्हणजे नाकाला आधार देणारे कडक आवरण, असतो. या काळात नाकाला काहीही लावायचे नसते. स्प्लिंट ओला होऊ द्यायचा नाही, सैल वाटला तर स्वतः दाबून बसवायचा नाही, फोन करून दाखवायला जायचे. झोपताना डोके दोनतीन उशांवर उंच ठेवावे. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून दहापंधरा मिनिटे डोळ्यांवर आणि गालांवर ठेवता येतो. नाकावर तो ठेवू नये आणि त्याचे वजन स्प्लिंटवर पडू देऊ नये.

चेहरा धुण्यासाठी बेसिनवर वाकण्याची सवय या आठवड्यात मोडावी लागते, कारण डोके खाली गेले की नाकाकडचा रक्तदाब वाढतो आणि रक्त येऊ शकते. सुती मऊ कापड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि कपाळ, गाल व हनुवटी टिपून घ्यावी. घासू नये. स्प्लिंटच्या कडेपासून बोटभर जागा कोरडीच ठेवावी. केस धुवायचे असतील तर पार्लरमध्ये बसवतात तसे मान मागे टाकून, कोणाच्या तरी मदतीने धुवावेत, पाणी फार गरम नसावे आणि न्हाणीघर वाफेने भरू देऊ नये. गालांना आणि कपाळाला साधे मॉइश्चरायझर चालते.

नाकपुड्यांच्या कडेला आणि दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर टाके असतात. तिथे डॉक्टरांनी दिलेले मलम तेवढे, सांगितले तितक्या वेळा लावावे. खपली नखाने काढण्याचा मोह दर तासाला होतो, आणि तो आवरावाच लागतो, कारण उपटलेल्या खपलीखाली जो व्रण राहतो तो नंतर कोणत्याही कन्सीलरने नीट झाकला जात नाही. हळद, चंदन, मुलतानी माती, कोरफडीचा ताजा गर, टूथपेस्ट यांपैकी काहीही कच्च्या जखमेवर लावू नये. शेजारपाजारचे लोक प्रेमाने सुचवतात. ऐकून घ्यावे आणि विषय बदलावा. नाकात तेलाचे थेंब सोडणे, नेती करणे, वाफ घेणे आणि तपकीर ओढणे हेही डॉक्टर सांगेपर्यंत वर्ज्य. सिगारेट तर नकोच, आणि मशेरी लावण्याची सवय असेल तर तीही या काळात सोडावी, कारण निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

या संदर्भात पुण्यातली एक जुनी हकीगत आठवते. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाच्या नाकाची शस्त्रक्रिया छापून आली होती. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते आणि पुण्याजवळच्या एका विटा बनवणाऱ्या समाजातील माणसाने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. त्या वृत्तांतात नंतरच्या काळजीचेही वर्णन आहे. पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या चार दिवस न हलवता ठेवल्या, मग तुपात बुडवलेले कापड लावले, आणि पाचसहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवले. कात आणि तूप आज कोणी लावायला सांगणार नाही, आणि लावूही नये. पण चार दिवस त्या जागेला हात न लावण्याचा संयम आजच्या फोनवर आपला चेहरा तासातासाला तपासणाऱ्या रुग्णाने उचलण्यासारखा आहे.

ताप येणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, टाक्यांभोवती लाली पसरणे, पू किंवा दुर्गंधी, न थांबणारे रक्त, एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळत राहणे, एका बाजूला अचानक आलेली सूज किंवा दिसण्यात फरक पडणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. पट्टीखाली खाज आणि पुरळ आले तर ती चिकटपट्टीची ॲलर्जी असू शकते. तीही सांगावी, म्हणजे पट्टी बदलून मिळते.

स्प्लिंट निघाल्यावर

स्प्लिंट निघाला की आरशात नवे नाक दिसेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मला दिसले ते आठ दिवस न धुतलेले नाक. दांड्यावर तेलाचा पिवळसर थर, त्यावर पांढरे पोपडे, पट्टीच्या कडेने राखाडी चिकट रेघा आणि शेंड्यावर पाचसहा बारीक पुटकुळ्या. हे सगळ्यांच्या बाबतीत कमीअधिक होते. पट्टीखाली तेल आणि मृत त्वचा साचते, शिवाय सुजलेल्या त्वचेतून तेल जरा जास्तच सुटते. इथे स्क्रब, ब्लॅकहेड काढण्याच्या चिकट पट्ट्या आणि पुटकुळ्या दाबून फोडणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. चिकट पट्ट्या तर काही महिने तरी वापरू नयेत, कारण त्या नेमके तेच करतात जे टाळायचे असते, त्वचा वर ओढतात.

मी नवव्या दिवशी त्या राखाडी रेघा टॉवेलच्या कोपऱ्याने घासल्या. नाकाच्या शेंड्याला त्या वेळी संवेदना कमी असते, त्यामुळे आपण किती जोरात घासतो आहोत हे कळतच नाही. संध्याकाळपर्यंत तिथे लाल चट्टा उठला आणि तो दोन आठवडे राहिला. योग्य रीत अशी. डॉक्टरांची परवानगी असेल तर कापसाच्या चकतीवर खोबरेल तेलाचा एक थेंब घ्यावा, ती चकती चिकट रेघेवर मिनिटभर नुसती टेकवून ठेवावी आणि मग टिपून घ्यावी. टाक्यांच्या जवळ तेल नेऊ नये. एका दिवसात सगळे निघत नाही. तीनचार दिवसांत आपोआप निघून जाते. पुढे काही आठवडे रात्री नाकावर पट्टी लावायला सांगितली असेल तर मात्र त्या जागी तेल किंवा क्रीम राहता कामा नये, नाहीतर पट्टी पहाटेपर्यंत उशीला चिकटलेली सापडते. पट्टी काढताना ती आधी कोमट पाण्याने पूर्ण भिजवावी, एका बोटाने शेजारची त्वचा हलकेच धरावी आणि सावकाश सोडवावी.

फेसवॉशचा फेस हातावरच करावा आणि नाकावर बोटांच्या टोकांनी नुसता पसरवावा. शेंडा सुन्न असल्यामुळे गरम पाणी, हेअर ड्रायरची हवा आणि मेण यांचा चटकाही लवकर कळत नाही, हे लक्षात ठेवावे. रेटिनॉल आणि आम्लयुक्त द्रव्ये सर्व जखमा भरून, डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करावीत, आणि तीही एका वेळी एकच.

काळेनिळे डाग झाकताना

डोळ्यांखाली साकळलेले रक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत गडद दिसते आणि साधारण दोन आठवड्यांत जाते. आधी जांभळे, मग हिरवट आणि शेवटी पिवळे. त्वचेत अडकलेले रक्ताचे रंगद्रव्य टप्प्याटप्प्याने विघटित होत असल्यामुळे हे रंग येतात. डोळ्यांभोवतीची त्वचा फाटलेली नसल्यामुळे तिथे मेकअप नाकाच्या आधी, बहुतेक वेळा स्प्लिंट निघाल्यानंतर लगेच करता येतो. नाकावर मात्र टाके निघून, खपल्या आपोआप गळून, त्वचा पूर्ण बंद होईपर्यंत, म्हणजे किमान दोनेक आठवडे, थांबावे. आणि टाक्यांच्या रेघेवर तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय काहीच लावू नये.

नुसते कन्सीलर जांभळ्या डागावर लावले तर राखाडी दिसते, ही तक्रार नेहमीची आहे. त्यासाठी आधी तो जांभळेपणा शमवावा लागतो. गव्हाळ वर्णावर पीच आणि सावळ्या वर्णावर नारिंगी छटेचा करेक्टर जांभळा-निळा रंग शमवतो. हिरवा करेक्टर लालीसाठी असतो, काळ्यानिळ्यासाठी नव्हे. डाग पिवळट झाल्यावर आपल्या वर्णाला जुळणारे कन्सीलर एकटेच बहुधा पुरते, कारण गव्हाळ त्वचेत तो पिवळेपणा मिसळून जातो.

आरशासमोर ताठ बसून, हात धुऊन सुरुवात करावी. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे जाऊ द्यावीत. करेक्टरचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका अनामिकेवर घ्यावा, कारण त्या बोटाचा जोर सगळ्यांत कमी पडतो, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून आत, नाकापासून बोटभर अलीकडे थांबत, टिपटिप करत लावावा. मिनिटभराने तसेच कन्सीलर. ब्रश आणि स्पंज वापरायचे असतील तर धुऊन वाळवलेले असावेत, आणि या काळात ते दुसऱ्या कोणाशी वाटून घेऊ नयेत. वर सुटी पावडर मुळीच नको. ती उडते, नाकात जाते आणि शिंक येते, आणि पहिल्या आठवड्यांतली शिंक म्हणजे आतून बसणारा धक्काच. मिरचीची फोडणी, उदबत्ती आणि परफ्यूमचा फवारा यांपासूनही त्याच कारणाने लांब राहावे. शिंक आलीच तर नाक दाबून अडवू नये, तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी.

पापण्यांची सूज उतरल्यावर मस्कारा चालतो, पण वॉटरप्रूफ नको, कारण तो काढताना डोळ्यांभोवतीची त्वचा ओढली जाते. काजळ पसरते आणि पसरलेले काजळ पुसावे लागते, म्हणून तेही काही दिवस बाजूला ठेवावे. लिपस्टिकला हरकत नाही, मात्र खांबाच्या टाक्यांमुळे वरचा ओठ काही आठवडे ताठर असतो, तेव्हा ती पुसताना ओठ ओढू नये. नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रेघा ओढून नाक बारीक दाखवण्याचा कॉन्टूर या दिवसांत व्यर्थ आहे. सूज रोज थोडी बदलते, सकाळी जास्त असते, आणि काल जुळलेली रेघ आज वाकडी दिसते.

मेकअप करण्यापेक्षा तो उतरवण्याला मी जास्त वेळ देते. चकती मायसेलर वॉटरने निथळेपर्यंत भिजवून डोळ्याखाली वीसतीस सेकंद टेकवून ठेवली की बराचसा रंग तिच्यात उतरतो. मग ती नाकाकडून कानाकडे, एकाच दिशेने, हलकेच सरकवावी. मागेपुढे घासू नये आणि नाकाच्या आडवी नेऊ नये. उरलेला रंग दुसऱ्या स्वच्छ चकतीने. मेकअप घालून झोपणे तर नकोच.

ऊन, स्कार्फ आणि चष्मा

ताज्या व्रणावर आणि काळ्यानिळ्या डागांवर ऊन पडले तर तिथली त्वचा गडद होऊन तशीच राहण्याचा धोका असतो, आणि आपल्या वर्णात तो जास्त. जखमा बंद झाल्यावर एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे सनस्क्रीन लावावे. त्वचेच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घेतले तर पांढरा थर दिसत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही थोडा बचाव होतो आणि फाउंडेशनची गरज उरत नाही. त्याआधी रुंद काठाची टोपी किंवा छत्री हाच उपाय.

पुण्यात दुचाकीवर डोक्याभोवती आवळून बांधला जातो तो स्कार्फ इथे चालत नाही. तो नेमका नाकाच्या दांड्यावर ताणला जातो. ओढणी घ्यायची तर डोक्यावरून सैल सोडावी. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालताना आणि काढताना नाकाला घासते, म्हणून दुचाकीच काही आठवडे टाळणे उत्तम. हाड कापलेले असल्यास चष्मा आणि गॉगल चार ते सहा आठवडे नाकावर टेकवू नयेत. चष्म्यावाचून भागत नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्सविषयी विचारावे, किंवा चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगावा. दिसायला विचित्र दिसते, पण चालते.

पार्लर आणि नथ

अप्पर लिपचे थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग वरचा ओठ ताणल्याशिवाय होत नाही आणि तो ताण थेट खांबाच्या टाक्यांवर येतो, म्हणून साधारण सहा आठवडे ते टाळावे. फेशियलमध्ये वाफ, मसाज आणि नाकावरचे ब्लॅकहेड्स दाबून काढणे असे तिन्ही असते. सहा आठवड्यांनंतरही आधी डॉक्टरांना विचारावे आणि पार्लरमध्ये नाक सोडून करायला सांगावे. हे तिथे बसण्यापूर्वी स्पष्ट सांगितलेले बरे. मी सांगूनही एका ठिकाणी ‘वरवरच करते’ म्हणत अंगठा नाकाच्या दांड्यावरून फिरलाच, आणि मला तिचा हात धरावा लागला. ब्लीचच्या वासाने नाक झोंबते, तेव्हा तेही लांबणीवर टाकावे.

लग्न ठरलेले असेल तर हिशेब मागून करावा. शस्त्रक्रिया आणि मुहूर्त यांत तीन महिने हे कमीत कमी, आणि सहा महिने किंवा वर्ष मिळाले तर फार चांगले. कारण फोटोत शेंड्याची उरलेली सूज समोरून फारशी दिसली नाही तरी बाजूने दिसते. हळदीच्या दिवशी उत्साही नातेवाइकांचे हात नाकावर येतात, हे ध्यानात घेऊन एखाद्या मावशीला शेजारी उभे करावे. मुंडावळ्यांचा त्रास नाही, त्या कपाळावरून सुटतात.

खरी अडचण नथीची. टोचलेल्या नाकात चमकी पुन्हा कधी घालायची हे डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात भोक बुजू लागले तर ते जबरदस्तीने उघडू नये. न टोचता घालण्याची दाबाची नथ अधिक निरुपद्रवी वाटते, पण ती नाकपुडीची कड दोन्ही बाजूंनी चिमटते आणि मोत्यांचे वजन तिथेच खाली ओढते, म्हणजे दाब आणि ओढ दोन्ही एकदम. ती काही महिने तरी नको. परवानगी मिळाल्यावर मोजक्या मोत्यांची हलकी नथ घ्यावी, सोनाराकडून तिचा दाब सैल करून घ्यावा, आणि समारंभाच्या पंधरा दिवस आधी घरी अर्धा तास घालून पाहावी. काढल्यावर नाकपुडीवर वळ उठला असेल आणि तासाभरात तो गेला नसेल, तर मुहूर्तावर नथ फक्त फोटोपुरती घालावी आणि लगेच काढून ठेवावी.